हस्तलिखितांच्या संग्रहाचे क्लाउडवर स्थलांतर : साठवणीच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

जुन्या सर्व्हरवरील संग्रह क्लाउडवर हलवण्याचे काम आजपासून सुरू झाले. संग्रहात सुमारे १,६०,००० पानांचे मूळ स्कॅन आहेत. प्रत्येक स्कॅन साधारण ७० एमबीचा, म्हणजे एकूण आकार ११ टीबीहून थोडा अधिक आहे. त्याच पानांच्या वाचनासाठी केलेल्या प्रती प्रत्येकी १ एमबीच्या आसपास आहेत आणि यादीत दिसणारी लघुचित्रे २० केबीची आहेत. या सगळ्याची सूची आणि शोधता येणारा मजकूर सांभाळणारा डेटाबेस ६० जीबीचा आहे. याखेरीज मुद्रितशोधकांचे सामायिक फोल्डर आहे, ज्यात दिवसभर सात-आठ जण एकाच वेळी काम करत असतात.

वापरणाऱ्यांची तक्रार एकच आहे : एखादा शब्द शोधायला दिला की उत्तर यायला पाच-सहा सेकंद लागतात. त्यामुळे आजच्या बैठकीत सगळा संग्रह एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणाऱ्या डिस्कवर, ठेवावा अशी सूचना आली. मला ती घाईची वाटली. संग्रहातील सर्वांत मोठा भाग आणि वेगाची सर्वांत जास्त गरज असलेला भाग हे एकच आहेत, असे आपण गृहीत धरत आहोत, आणि ते तपासलेले नाही. कोणती सामग्री कशी वाचली आणि लिहिली जाते हे मोजून मगच साठवणीचा प्रकार ठरवावा, असे मी मांडले व ते मान्य झाले.

७ फेब्रुवारी

तीन दिवस डिस्कच्या कामाची आकडेवारी घेतली. शोध चालू असताना डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसते, पण तिच्यातून सेकंदाला १ एमबीसुद्धा बाहेर पडत नाही. मूळ स्कॅन उघडताना मात्र हीच डिस्क सेकंदाला १५० एमबी देते आणि ७० एमबीचे पान अर्ध्या सेकंदात समोर येते. म्हणजे डिस्क सरसकट मंद नाही. विखुरलेले वाचन तिला झेपत नाही.

कारण तिच्या रचनेतच आहे. आमची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग वाचक शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते, आणि त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यात आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एका वाचनाला जवळपास १३ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला ऐंशीच्या आतच वाचने होतात. आमचा एक सर्वसाधारण शोध इंडेक्सची, म्हणजे डेटाबेसमधील शोधसूचीची, ८ केबीची सुमारे ४०० पाने ठिकठिकाणांहून उचलतो. चारशेला ऐंशीने भागले की पाच सेकंद येतात, आणि तक्रारही नेमकी पाच-सहा सेकंदांचीच आहे. कागदावरचा हिशेब आणि प्रत्यक्षातली तक्रार इतकी तंतोतंत जुळल्याचे पाहून पुढच्या निर्णयांसाठी भक्कम आधार मिळाला.

फिरती तबकडी आणि हलणारे शीर्ष ही रचना १९५६ साली आयबीएमने रॅमॅक संगणकासाठी आणलेल्या डिस्कपासून चालत आली आहे. तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. इतक्या वर्षांत तबकडीवर मावणारी माहिती अफाट वाढली, पण फेऱ्यांचा वेग बारा-तेरा पटींपलीकडे गेला नाही. यांत्रिक हालचालीची मर्यादा ती हीच. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने विखुरलेले वाचन आणि सलग वाचन यांतील अंतर कितीतरी कमी होते; एक छोटे वाचन साधारण १०० मायक्रोसेकंदांत पुरे होते. आमची ४०० वाचने एकामागून एक केली तरी ०.०४ सेकंदात संपतील.

मूळ स्कॅनच्या बाबतीत हा लाभ जवळजवळ वाया जाईल. ते एकदा लिहिले जातात, क्वचित वाचले जातात आणि वाचले तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचले जातात.

११ फेब्रुवारी

क्लाउडवरील साठवणीचे तीन प्रकार कार्यगटाला समजावून सांगितले. ते नीट लिहून ठेवतो, कारण पुढचा प्रत्येक वाद या तिघांत गल्लत झाल्यामुळेच उद्भवणार आहे.

ब्लॉक साठवण म्हणजे आपल्या आभासी यंत्राला, म्हणजे क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या संगणकाला, जोडलेली कोरी डिस्क. तिच्यावर कोणती फाइल प्रणाली बसवायची हे आपण ठरवतो, कोणताही छोटा तुकडा जागच्या जागी बदलता येतो आणि डेटाबेसला नेमके हेच हवे असते. ती सहसा एका वेळी एकाच यंत्राला जोडलेली असते आणि जेवढा आकार मागितला तेवढ्याचे भाडे ती रिकामी असली तरी चालू राहते. तिच्यामागे एसएसडी घ्यायची की हार्ड डिस्क, हा प्रश्न प्रामुख्याने येथेच उभा राहतो.

फाइल साठवण म्हणजे नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली विकसित केलेली एनएफएस पद्धत आजही त्यासाठी वापरली जाते. एकाच फाइलवर दोघांनी एकदम लिहू नये म्हणून कुलूप लावण्याची सोय, फोल्डरांची उतरंड, परवानग्या हे सगळे तेथे मिळते. त्याची किंमत अशी, की प्रत्येक फाइल उघडताना नेटवर्कवरून दोन-चार निरोपांची देवाणघेवाण होते, आणि हजारो बारीक फाइली असल्या की तोच वेळ साठत जातो.

ऑब्जेक्ट साठवण या दोहोंपेक्षा मुळातच वेगळी आहे. ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी एसथ्री सेवा खुली केली, तेव्हापासून हा प्रकार सर्वत्र रुळला. येथे प्रत्येक वस्तूला एक नाव असते आणि ती नावानिशी ठेवायची किंवा मागायची. तिचा मधला भाग वाचता येतो, पण मधलाच भाग बदलता येत नाही. बदल करायचा तर संपूर्ण वस्तू पुन्हा ठेवावी लागते. फोल्डर दिसतात, पण बहुतेक सेवांत ते नावातील तिरप्या रेघेमुळे निर्माण झालेला भास असतात. म्हणूनच एका ‘फोल्डर’चे नाव बदलायचे म्हणजे आतल्या प्रत्येक वस्तूची नव्या नावाने प्रत करून जुनी काढून टाकणे होय. आमच्या संग्रहात एका दप्तराखाली २,००० पाने असू शकतात. त्यामुळे दप्तराचे शीर्षक वस्तूच्या नावात गुंफू नये, अशी मी आग्रहाची सूचना केली. नावात न बदलणारा क्रमांक राहील आणि शीर्षक डेटाबेसमध्ये राहील, असे ठरले.

१४ फेब्रुवारी

वाटणी पक्की झाली. डेटाबेस एसएसडी असलेल्या ब्लॉक व्हॉल्यूमवर (ब्लॉक साठवणीतील डिस्कवर), मुद्रितशोधकांचे फोल्डर फाइल साठवणीत, वाचनप्रती आणि लघुचित्रे ऑब्जेक्ट साठवणीच्या नेहमीच्या वर्गात आणि मूळ स्कॅन ऑब्जेक्ट साठवणीच्याच, क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठीच्या संग्रह वर्गात जातील. म्हणजे ११ टीबीहून मोठ्या संग्रहापैकी एसएसडीवर केवळ १०० जीबीचा एक व्हॉल्यूम येतो.

१९ फेब्रुवारी

आजचा दिवस एका अनपेक्षित अडचणीत गेला, म्हणून तपशिलाने लिहितो. डेटाबेस नव्या व्हॉल्यूमवर उतरवून इंडेक्स नव्याने बांधायला घेतला. काम झपाट्याने पुढे जात होते, आणि अर्ध्या तासानंतर अचानक त्याचा वेग दहावा हिस्सा राहिला. यंत्रावर दुसरे काही चालू नव्हते. चूक म्हणून कोठे नोंदली गेली नव्हती. सहकाऱ्यांना एसएसडीच सदोष असल्याची शंका आली.

आलेखात मात्र वेगाची रेषा कापल्यासारखी सरळ खाली आलेली होती, आणि बिघाड असा सरळ रेषेत येत नाही. व्हॉल्यूमच्या अटी पुन्हा वाचल्यावर उलगडा झाला. आम्ही जो प्रकार घेतला होता, त्यात प्रत्येक जीबीमागे सेकंदाला ३ वाचन-लेखने एवढाच कायमचा हक्क असतो; १०० जीबीला ३०० होतात. त्यावर तात्पुरती मुभा म्हणून ३,००० पर्यंत वेग मिळतो, पण तो शिल्लक खात्यातून खर्च होतो. खाते पूर्ण भरलेले असताना त्यात ५४ लाख वाचन-लेखनांची शिल्लक असते. सेकंदाला ३,००० खर्च आणि ३०० जमा, म्हणजे २,७०० ने घट; ५४ लाखांना २,७०० ने भागले की २,००० सेकंद, म्हणजे तेहतीस मिनिटे होतात. आमचे काम जवळपास तेवढाच वेळ जोरात चालले होते.

क्लाउडवर ‘एसएसडी’ हा शब्द वाचला की चिपचा वेग डोळ्यांसमोर येतो, पण आपल्याला मिळतो तो करारातला वेग. याच पुरवठादाराकडे नव्या पिढीचा एक प्रकार आहे, त्यात आकार कितीही लहान असला तरी सेकंदाला ३,००० वाचन-लेखने आणि १२५ एमबी एवढे कायम मिळतात. यंत्र न थांबवता व्हॉल्यूमचा प्रकार बदलता आला. इंडेक्स रात्री आठच्या सुमारास पूर्ण झाला.

२१ फेब्रुवारी

सूचीतील जुन्या नोंदी डेटाबेसमध्ये भरणारी आज्ञावली सेकंदाला १,००० वाचनांच्या पुढे जात नाही, जरी मर्यादा ३,००० असली तरी. या वेळी दोष आज्ञावलीचा होता. ती एक नोंद वाचते, उत्तराची वाट पाहते आणि मग दुसरी वाचते. क्लाउडवरील ब्लॉक व्हॉल्यूम यंत्रात बसवलेला नसतो. प्रत्येक मागणी नेटवर्कवरून जाऊन येते आणि आमच्या मोजणीत त्याला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. एका वेळी एकच मागणी वाटेत असेल, तर सेकंदात १,००० हीच कमाल मर्यादा. आज्ञावली आठ समांतर धाग्यांत चालवल्यावर पूर्ण ३,००० मिळू लागले.

हार्ड डिस्कच्या काळात समांतर मागण्या टाळण्याची आम्हाला सवय लागली होती, कारण त्यामुळे शीर्षाची धावपळ वाढे. एसएसडीच्या बाबतीत ती सवय सोडावी लागते. तिच्या आत अनेक चिप एकाच वेळी काम करू शकतात, पण त्यांना पुरेशा मागण्या समोर दिसल्या पाहिजेत. मार्च २०११ मध्ये आलेले एनव्हीएमई हे संगणक आणि एसएसडी यांच्यातील देवाणघेवाणीचे प्रमाण याच विचारातून घडले. साटा या आधीच्या जोडणीच्या डिस्कसाठीच्या जुन्या एएचसीआय पद्धतीत ३२ मागण्यांची एकच रांग होती. एनव्हीएमईमध्ये ६५,००० हून अधिक रांगांची तरतूद आहे आणि प्रत्येक रांगेत तितक्याच मागण्या थांबू शकतात.

२४ फेब्रुवारी

वाचनप्रती तयार करण्यासाठी भाड्याच्या यंत्रातच बसवलेली एनव्हीएमई एसएसडी वापरून पाहिली. मध्ये नेटवर्क नसल्याने ती ब्लॉक व्हॉल्यूमपेक्षा स्पष्टपणे चपळ आहे. पण यंत्र बंद केले की तिच्यावरील सर्व काही नाहीसे होते, म्हणून तिचा उपयोग फक्त तात्पुरत्या फाइलींसाठी करायचा. हे सर्वांना ठळकपणे कळावे यासाठी त्या फोल्डरचे नाव ‘तात्पुरते-पुसले-जाईल’ असे ठेवले.

२७ फेब्रुवारी

स्कॅनरच्या शेजारच्या संगणकात एसएसडी बसवण्याला एका सहकाऱ्याने हरकत घेतली : रोज इतके लिहिले तर ती लवकर झिजणार. शंका रास्त आहे आणि तिला उत्तरही हिशेबानेच द्यायला हवे.

तोशिबातील फुजिओ मासुओका यांच्या कामातून १९८० च्या दशकात नँड फ्लॅश, म्हणजे एसएसडीत वापरली जाणारी चिप, पुढे आली. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने अतिसूक्ष्म कोशांत अडकवून ठेवलेली असते. लेखन काही केबीच्या पानांनी होते, पण पुसणे मात्र अशा अनेक पानांच्या मोठ्या गठ्ठ्यानेच होते, आणि प्रत्येक पुसण्यागणिक कोशाचे विद्युतरोधक आवरण थोडे थोडे खराब होत जाते. एका कोशात तीन बिट ठेवायचे तर भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिट ठेवायचे तर सोळा. पातळ्या जितक्या जवळ येतात तितकी झीज सोसण्याची ताकद कमी होते. एसएसडीतील नियंत्रक हे ओळखून लेखन सर्व कोशांवर सारखे वाटतो आणि कार्यप्रणालीने ट्रिम आज्ञेद्वारे कळवलेली निरुपयोगी पाने सवडीने मोकळी करतो.

आता हिशेब. आमच्याकडील १ टीबीच्या एसएसडीला ६०० टीबी लेखनाची हमी आहे. रोज ८०० पाने स्कॅन झाली तर ५६ जीबी लिहिले जाते. त्या गतीने हमीची मर्यादा गाठायला १०,७०० दिवस, म्हणजे एकोणतीस वर्षे लागतील. झिजण्याच्या भीतीने वेग सोडण्याचे कारण नाही. हरकत घेणाऱ्या सहकाऱ्याने स्वतः हे गणित पुन्हा करून पाहिले, याचे मला समाधान वाटले.

याच चर्चेतून दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मूळ स्कॅनची एक प्रत आम्ही कपाटात, वीजजोडणीविना ठेवतो. तीही एसएसडीवर घ्यावी असा विचार होता. तो मी आज रद्द करवला. विजेविना पडून राहिलेल्या फ्लॅशमधील भार हळूहळू गळतो, आणि उष्णता वाढली की तो लवकर गळतो. चिप उद्योगाची प्रमाणे ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या प्रमाणानुसार, झिजेची मर्यादा गाठलेल्या वैयक्तिक वापराच्या एसएसडीने ३० अंश सेल्सियसला विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, आणि सर्व्हरसाठीच्या एसएसडीने ४० अंशांना तीन महिने, एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ अधिक टिकेल, हे खरे. तरीही वर्षानुवर्षे हात न लागणाऱ्या प्रतीसाठी हार्ड डिस्कच राहील आणि ती दर सहा महिन्यांनी जोडून तपासली जाईल.

२ मार्च

मासिक देयकात ऑब्जेक्ट साठवणीचा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला. चूक आमचीच होती. सर्व वस्तू कमी वापराच्या वर्गात हलवाव्यात असा सरसकट नियम जुन्या चाचणीच्या बकेटवर (ऑब्जेक्ट साठवणीतील वस्तूंच्या कप्प्यावर) लावलेला होता आणि तोच आम्ही तसाच उचलला. त्या वर्गात प्रत्येक वस्तू किमान १२८ केबीची धरून आकारणी होते. आमची १,६०,००० लघुचित्रे प्रत्यक्षात ३.२ जीबीची, पण हिशेबात ती २० जीबीहून अधिक झाली. शिवाय वर्ग बदलण्याचे शुल्क दर वस्तूमागे आणि प्रत्येक वाचनाचे शुल्क वेगळे. लघुचित्रे तर यादी उघडताच वाचली जातात, म्हणजे ती कमी वापराची कधीच नव्हती. नियम आता केवळ मूळ स्कॅनच्या नावांना लागू केला आहे.

६ मार्च

मूळ स्कॅन चढवणे चालू आहे. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल किंचितही बदलली तर बदलणारी खूण, जुन्या सर्व्हरवरच काढून घेतली आणि चढवल्यानंतर ती ताडून पाहतो. आतापर्यंत तीन फाइली जुळल्या नाहीत. तिन्हींचे मूळ जुन्या डिस्कवरच खराब झालेले निघाले आणि कपाटातील प्रतीतून ते भरून काढले.

बैठकीत विचारणा झाली की ऑब्जेक्ट साठवण अकरा नऊ, म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा गृहीत धरून रचलेली असताना कपाटातली प्रत कशाला हवी. तो आकडा डिस्क व यंत्रे निकामी होण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे. आपणच चुकीची आज्ञा देऊन पाने पुसली, तर साठवण ती आज्ञा तितक्याच निष्ठेने पाळेल. म्हणून बकेटवर आवृत्त्या जपण्याची सोय चालू केली, पुसण्याचा अधिकार रोजच्या वापराच्या खात्यांतून काढला आणि कपाटातली प्रत कायम ठेवली.

१० मार्च

डेटाबेस परत उभा करण्याचा सराव केला. स्नॅपशॉटवरून, म्हणजे व्हॉल्यूमच्या एका क्षणीच्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून, नवा व्हॉल्यूम दोन-तीन मिनिटांत तयार झाला, पण पहिले काही शोध जुन्या सर्व्हरपेक्षाही हळू चालले. स्नॅपशॉट ऑब्जेक्ट साठवणीत असतो आणि नव्या व्हॉल्यूमवरचा एखादा भाग प्रथम मागितला जातो तेव्हाच तो तेथून आणला जातो, हे त्याचे कारण. यंत्र वापरासाठी खुले करण्यापूर्वी संपूर्ण व्हॉल्यूम एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून घ्यायचा, अशी पायरी कार्यपद्धतीत घातली.

१६ मार्च

नव्या व्यवस्थेवर शोधाची मोजणी केली. सर्वसाधारण शोध आता अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, आणि जो एक टक्का सर्वांत संथ असतो तोही एका सेकंदाच्या आत आहे. या सुधारणेचे सगळे श्रेय एसएसडीला देणे बरोबर होणार नाही, कारण नव्या यंत्रात स्मरणशक्ती (रॅम) दुप्पट आहे आणि इंडेक्सचा बराच भाग तेथेच राहतो. म्हणून स्मरणशक्ती रिकामी करून मोजणी पुन्हा घेतली. वरचे दोन्ही आकडे त्या मोजणीचे आहेत. चारशे वाचनांना प्रत्येकी एक मिलिसेकंद या हिशेबाशी ते जुळतात. स्मरणशक्ती भरलेली असताना उत्तर टंकन संपताच दिसते.

मुद्रितशोधकांपैकी एकींनी आज एकाच शब्दाची सहा वेगवेगळी लेखनरूपे पाठोपाठ शोधून पाहिली. पूर्वी त्या एकच रूप शोधत आणि उरलेली पाने हाताने चाळत असत, असे त्यांनी सांगितले.

१९ मार्च

संग्रह वर्गात गेलेल्या स्कॅनपैकी २० पाने काल सकाळी दहा वाजता परत मागवली. या वर्गात नेहमीच्या मागणीला बारा तासांपर्यंत वेळ लागतो, हे वाचकांसाठीच्या सूचनेत आधीच लिहिले आहे. रात्री साडेनऊपर्यंत वीसही पाने आली होती. आज सर्वांच्या बेरजा ताडून पाहिल्या, सगळ्या जुळल्या. जुन्या सर्व्हरच्या डिस्क मात्र अजून पुसायच्या नाहीत. उरलेली ९,४०० पाने चढून त्यांची पडताळणी झाल्यावर त्या कपाटातल्या संचात जातील.